तपासणीच्या खोलीत काय होतं?



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात बचत गटाची महिन्याची बैठक चालली होती. एका बाईनं साडेसात हजार घेतले होते, महिना दोन टक्क्यानं, आणि तीन महिन्यांचं व्याज राहिलं होतं. सचिवताई वहीवर आकडे मांडत होत्या, खोडत होत्या. कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली एक पोरगी मान वर न करता म्हणाली, "साडेचारशे." सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. बरोबर होतं.

मी तिच्या आईला म्हटलं, पोरगी हुशार आहे हो तुमची. आई म्हणाली, "तोंडानं सगळं येतं तिला, बाई. कागद पुढं आला की मुकी होते. सहावीत आहे, स्वतःचं नाव सोडून काही धड लिहीत नाही. यंदा काढणारच आहोत शाळेतून. धाकट्याला तरी सांभाळंल."

मी विशेष शिक्षिका आहे. तालुक्यातल्या शाळांत फिरते. त्या दिवशी तिथं दुसऱ्याच कामाला गेले होते. पण ते "काढणारच आहोत" डोक्यातून जाईना. त्या मुलीला पुढं तपासणीला नेलं. तिथं काय काय झालं ते आज सांगते, कारण मागच्या भागानंतर जे फोन आले, त्यांत बहुतेक बायांनी एकच विचारलं : ताई, तिथं पोराला करतात तरी काय? वेड्यात तर काढत नाहीत ना?

नाही काढत. त्या खोलीत एक टेबल असतं, दोन खुर्च्या, रंगीत ठोकळे, चित्रांची पुस्तिका, वह्या आणि एक घड्याळ. तिथं टोचत नाहीत आणि पाजतही नाहीत काही.

आधी हे दुखणं काय ते थोडक्यात. काही मुलांची समज चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, शाळेतही रोज जातात, तरी वाचणं, लिहिणं किंवा गणित यातलं एखादं त्यांना जमता जमत नाही. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाची अडचण असेल तर इंग्रजीत डिस्लेक्सिया. 'तारे जमीन पर' तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, २००७ सालचा, त्यातल्या ईशानला होती तीच. सिनेमात त्याला आमिर खान मास्तर मिळाला. आपल्याकडं गट साधन केंद्र आहे, तिथून आमच्यासारख्या येतात. बघा तुम्हाला कोण आवडतं ते!

या मुलांचा मेंदू आवाज आणि अक्षर यांची सांगड सावकाश घालतो. हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. आत्याला होतं, चुलत्याला होतं, असं विचारलं की निघतं. आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आजही दर दुसरी सासू मला ग्रहणाचं सांगते, आणि बिचारी सून खाली मान घालून बसते.

आपली मराठी तशी बरी भाषा. जसं लिहितो तसं बरंचसं वाचतो. म्हणून असं मूल मराठी वाचतं, पण अक्षर-अक्षर लावत, घाम फुटेपर्यंत, आणि ओळ संपेस्तोवर सुरुवात विसरतं. इंग्रजी आली की पुरतं अडतं. पण मराठीतही खाचा आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर. 'सूर्य' मध्ये र आधी बोलायचा आणि लिहायचा य च्या डोक्यावर. भ-म, घ-ध, व-ब यांतला फरक म्हणजे एवढीशी रेघ. आकड्यांचंही तसंच. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी तोंडात येतात, लिहिताना दोन आधी. पोरगं ऐकल्याप्रमाणं बावन्न लिहितं आणि मार खातं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? मला विचाराल तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

पण सावध. पहिली-दुसरीतलं मूल अक्षरं उलटी काढतं ते वयामुळं. तेवढ्यावरून धावायचं नाही. तिसरी झाली, आठवं लागलं, मास्तरांनी मन लावून शिकवलं, तरी अडतंच आहे, तर मग हलायचं. प्रमाणपत्रही आठ वर्षांच्या आधी देत नाहीत.

आता खोलीकडं जाऊ. खरं तर खोलीच्या आधी डोळे आणि कान. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक येतं, अंगणवाडीत दोनदा. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. माझ्याकडं एक चौथीतला मुलगा 'वाचता येत नाही' म्हणून आला होता. त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला, दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली. दुसऱ्या एकाचा कान वाहत होता, त्याला प आणि फ सारखेच ऐकू यायचे. ही दोन्ही पोरं 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेली होती. मुलांच्या शिकण्याच्या अडचणींची नोंदही हे पथक घेतं आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात, म्हणजे सिव्हिलला, पुढं पाठवतं. तिथं बालरोगतज्ज्ञ असतात, मानसशास्त्रज्ञ असतात, विशेष शिक्षक असतात. तिघांनी मिळून बघायचं असतं, एकट्यादुकट्यानं शिक्का मारायचा नसतो.

खोलीत पहिला नंबर आईचा. हे बायांना माहीतच नसतं. पहिला अर्धा-पाऊण तास प्रश्न तुम्हाला असतात. बाळंतपण कसं झालं, लगेच रडलं का, वजन किती होतं, कावीळ, झटके, डोक्याला मार? चालायला-बोलायला कधी लागलं? घरात आणखी कुणाला वाचायचा त्रास होता का? रात्री झोपतं का, बिछाना ओला करतं का, शाळेच्या वेळेला पोट दुखतं का? या माहितीवर अर्धी तपासणी उभी असते. आणि इथंच घोटाळा होतो. शेजारी सासूबाई किंवा मालक बसलेले असतात आणि ते आधीच म्हणतात, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." मग आई गप्प. तुम्ही सरळ म्हणा, मला एकटीला बोलायचंय. तज्ज्ञ बाई नाही म्हणणार नाही.

त्या मुलीच्या आईनं सांगितलं की मुलीच्या वडलांनी तिसरीत शाळा सोडली होती, अक्षर लागत नाही म्हणून. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि नवरा अंगठा का देतो हे तिनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

जाताना जुन्या वह्या न्या. रद्दीत घालू नका. दुसरीची, तिसरीची, आत्ताची. चुका कशा होतात, त्याच त्याच होतात का, हे वहीच सांगते. वर्गशिक्षकांची चार ओळींची चिठ्ठीही न्या.

मग मुलाला आत घेतात आणि तुम्हाला बाहेर बसवतात. आत जे पहिलं होतं ती बुद्धीची चाचणी. ठोकळ्यांनी नक्षी जुळवायची, चित्रात काय राहिलंय ते सांगायचं, आकडे ऐकून सरळ म्हणायचे, मग उलटे. बैल आणि गाय यांत सारखं काय, असले प्रश्न. या चाचण्या सगळ्या परदेशातून आलेल्या आणि आपल्या पोरांना न कळणाऱ्या, असं समजू नका. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, ती बिने-कामत नावानं ओळखली जाते. पुढं नागपुरात डॉ. मलिन यांनी भारतीय मुलांसाठी आणखी एक बेतली, ती आजही खूप ठिकाणी वापरतात.

यात जो आकडा निघतो तो बुद्ध्यांक. शंभर हा मधला. तीनातली दोन मुलं ८५ ते ११५ च्या आत असतात. हा आकडा काढायचं कारण एवढंच की मूल एकूणच सावकाश समजणारं आहे, की समज चांगली असून फक्त वाचन-लेखन अडलंय, हे वेगळं करायचं. दोघांना शिकवायची रीत वेगळी. सत्तर ते पंच्याऐंशीच्या मधली जी पोरं असतात त्यांचं मला वाईट वाटतं. त्यांना ना हे प्रमाणपत्र मिळत, ना ते. मदत मात्र त्यांनाही लागते, आणि ती वर्गातच मागावी लागते.

तो आकडा पोराच्या कपाळावर गोंदू नका, आणि जावेला सांगत बसू नका. ताप असला, उपाशी असलं, घाबरलेलं असलं, तर आकडा खाली येतो. आपली एसटी पहाटे सहाची. पोरगं घाटात ओकतं, दहाला पोचतं आणि अकराला टेबलावर बसतं. अशा वेळी सांगा की आज त्याची तब्येत ठीक नाही, दुसरी तारीख द्या. मला माहीत आहे, दुसरी तारीख म्हणजे अजून एक रोज बुडाला. त्या मुलीच्या आईला एका ठिकाणी तीनदा परत पाठवलं, एकदा तर 'आज मॅडम रजेवर' एवढंच सांगून. ती स्टँडवर बसून रडली. मीही त्या दिवशी बरोबर नव्हते, याचं मला अजून लागतं.

त्यानंतर वाचन, लेखन, गणित. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं तयार केलेला संच यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरतात. उतारा वाचायला देतात, घड्याळ लावतात, कुठं अडलं, काय गाळलं, ओळ सोडली का, ते टिपतात. मग त्याच उताऱ्यावर प्रश्न. कधी वाचून दाखवतात आणि तेच प्रश्न विचारतात. वाचून काही सांगता आलं नाही पण ऐकून सगळं सांगितलं, तर गाठ कुठं आहे ते दिसतंच की. मराठीत वाचनाची अडचण तपासायला 'डाली' नावाचा संचही आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणला. त्यात शिक्षकांसाठी पहिली ते पाचवीच्या मुलांची चाळणी आहे. तुमच्या शाळेतल्या बाईंना याचं नाव जरूर सांगा.

आवाजाचा खेळही घेतात. तो तुम्ही आत्ता घरी करून बघा. 'कमळ' मधला क काढला तर काय उरलं? मळ. 'पाटी' आणि 'काठी', कुठले आवाज वेगळे? सात-आठ वर्षांचं पोरगं यात वारंवार गोंधळत असेल तर ते लिहून ठेवा आणि तपासणीला सांगा. पण घरी तयारी करून घेऊ नका! एक आजोबा नातवाला आठवडाभर शंभर प्रश्न पाठ करून घेऊन आले होते. मुलगा खोलीत शिरताच म्हणाला, "भारताची राजधानी दिल्ली." कुणी विचारलं नव्हतं.

आता आपल्या भागाचं एक, जे शहरातल्या तज्ज्ञांच्या कधी कधी ध्यानात येत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पोरगं चार-पाच महिने कारखान्याच्या तळावर. असं चार वर्षं झालं आणि पाचवीत वाचता आलं नाही, तर ती अध्ययन अक्षमता नव्हे. त्याला शाळाच मिळालेली नाही. तसंच, घरात गोरमाटी किंवा पारधी बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी. मूल दोन्हींच्या मध्ये लटकतं, आणि उत्तर येत असून गप्प बसतं. किंवा घरात कुणालाच इंग्रजी येत नाही आणि पोराला पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत धाडलंय. तपासणारीला हे आपणहून सांगा. किती महिने शाळा बुडाली, घरी काय बोलता, शाळा कुठल्या माध्यमाची, सगळं. न सांगितलं तर नको तो शिक्का बसतो. उलटंही होतं बरं का. 'ऊसतोडीचं पोर, हे असंच असणार' म्हणून ज्याला खरंच अडचण आहे त्याला कुणी तपासायलाच पाठवत नाही.

त्या मुलीचं नेमकं असं होतं. ती आजीजवळ गावात राहायची, शाळा फारशी बुडालेली नव्हती. पण मास्तरांनी धरून चाललेलं होतं. आणि एक सांगू? तिच्या धाकट्या भावाला दुसरीत 'क' चा 'फ' झाला तर वडलांनी लगेच विचारलं, दवाखान्यात न्यायचं का. मुलीची सहा वर्षं गेली, तिला कुणी विचारलं नाही. माझ्याकडं तपासणीसाठी मुलगेच जास्त येतात. मुली शांत असतात, खाली बघून फळ्यावरचं उतरवून काढतात, वही सुंदर दिसते. मग एक दिवस त्या शाळेतून गळतात आणि कुणी विचारत नाही.

अहवाल आला. समज वयाप्रमाणं चांगली, तोंडी हिशेब फार चांगला, वाचन दुसरीच्या मुलासारखं, लिहिताना काना-मात्रा आणि जोडाक्षरं गळतात. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता. आईनं एकच विचारलं, "म्हणजे ती ढ नाही?" मॅडम म्हणाल्या, "नाही." आईनं ते माझ्याकडून परत एकदा वदवून घेतलं.

अहवाल हातात आला की तिथंच बसून समजून घ्या. तो इंग्रजीत असतो, 'मला मराठीत सांगा' म्हणा. मुलाला काय चांगलं येतं तेही विचारा, फक्त काय येत नाही ते ऐकून उठू नका. शाळेनं उद्यापासून काय करायचं ते कागदावर लिहून मागा. परत कधी आणायचं तेही विचारा.

अहवाल वेगळा आणि प्रमाणपत्र वेगळं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला तेव्हा त्यात एकवीस प्रकार घेतले, त्यांत अध्ययन अक्षमता आली. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. प्रमाणपत्र असलं की दहावीच्या बोर्डाला जास्तीचा वेळ मिळतो, तासामागं साधारण वीस मिनिटं, आणि लेखनिक मिळू शकतो. आणखीही सवलती आहेत, त्या मुख्याध्यापकांना विचारा, आणि दहावीच्या डिसेंबरात नव्हे, आठवी-नववीतच. बाया म्हणतात, दिव्यांगाचा कागद काढला तर पोरीचं लग्न कसं जमायचं. अहो, तो कागद तुमच्या ट्रंकेत राहतो, गावात दवंडी पिटत नाहीत. आणि प्रमाणपत्र नको असेल तरी तपासणी करता येतेच, शिकवायची दिशा तर कळते.

औषध? नाही. बुद्धी वाढवायची बाटली, डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग, यावर पैसे घालू नका. यावर उपाय म्हणजे वेगळ्या पद्धतीनं, परत परत, थोडं थोडं शिकवणं. मी एका शाळेत महिन्यातून दोन-तीनदाच पोचते, हे खरं ते सांगते. त्यामुळं रोजचा पाव तास घरातच लागतो. परातीत बारीक वाळू पसरायची, आवाज काढत बोटानं अक्षर गिरवायचं. शब्दाचे तुकडे टाळ्या वाजवून करायचे. एका बैठकीत एकच जोडाक्षर. चुकलं तर खोडून काढायला वाळू बरी, वहीसारखी लाल रेघ राहत नाही. त्या मुलीची आई स्वतः चौथी शिकलेली. ती म्हणायची, मला कुठं येतंय? मग दोघी एकाच परातीवर बसायला लागल्या. शाळेत बाईंनी प्रश्न वाचून दाखवायचं आणि सगळ्यांपुढं उभं करून वाचायला लावायचं नाही, एवढं कबूल केलं. पहिली सहा महिने काहीच फरक दिसला नाही. आजी म्हणाली, वाळू वाया गेली. सातव्या की आठव्या महिन्यात मुलीनं एसटीची पाटी वाचली, चालत्या गाडीची.

ती आता नववीत आहे. अजून सावकाश वाचते, लिहिताना अजून चुकते, गणितात वर्गात पहिल्या पाचात. गटाच्या व्याजाचा हिशेब बैठकीत तीच करते, तोंडी, आणि सचिवताई लिहितात.

तिच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आलीय. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असते, ती नीट बघत जा. पुन्हा तपासणी पुढच्या महिन्यात आहे आणि नेमकी टोळी त्याच आठवड्यात निघतेय. मुकादमाची उचल घेतलेली, आईला थांबता येत नाही. मागच्या बैठकीत गटातल्या दोघींनी नावं दिली, एक सिव्हिलला बरोबर जाणार आणि दुसरी आजीला सोबत करणार. तिकिटाचे पैसे गटातून. जुन्या वह्या आईनं पिशवीत भरून माझ्याकडं आणून दिल्यात, दुसरीपासूनच्या.